जीटीएक्स १०६० की आरएक्स ५८०? जुनं ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेकंडहँड कार्ड घेणाऱ्यांकडून येणारे प्रश्न फिरून फिरून या दोन नावांपाशीच येतात, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत. वेगळं सांगितलेलं नसेल तिथे १०६० म्हणजे ६ जीबीचं आणि ५८० म्हणजे ८ जीबीचं डेस्कटॉप कार्ड समजावं. घाईत असाल तर प्रश्न २, ८ आणि १२ एवढे तरी वाचा.

१. ही कार्डं नेमकी कधीची? आणि तुलना नेहमी या दोघांचीच का होते?

एनव्हीडियाचं जीटीएक्स १०६० जुलै २०१६ मध्ये आलं, एएमडीचं आरएक्स ५८० एप्रिल २०१७ मध्ये. १०६०ची पहिली टक्कर खरं तर आरएक्स ४८०शी होती. ५८० म्हणजे ४८०चीच पोलारिस पिढीची चिप थोड्या जास्त वेगाने पळवलेली. अमेरिकेतली मूळ किंमतही आसपासचीच, १०६०ची २४९ डॉलर आणि ५८०ची २२९ डॉलर. त्यामुळे ५८० आल्यापासून मध्यम बजेटवाल्यापुढे हीच जोडी होती. १०६० तर स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या मासिक पाहणीत कित्येक वर्षं पहिल्या क्रमांकावर होतं. एवढी कार्डं विकली गेली, म्हणून आज जुन्या बाजारात सगळ्यात जास्त नग याच दोघांचे दिसतात.

२. एका वाक्यात सांगा दादा, कोणतं घेऊ?

एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) चांगला असेल आणि फक्त गेम खेळायचे असतील तर ८ जीबीचं ५८०. एसएमपीएस साधा असेल, खोली लहान आणि तापणारी असेल, किंवा स्ट्रीमिंग आणि ब्लेंडर (थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर) करायचं असेल तर १०६०. पण हा निर्णय दोन्ही नग सारख्याच अवस्थेत असतील तेव्हाचा. वेगातला फरक इतका थोडा आहे की नीट सांभाळलेलं १०६० हे मायनिंगमध्ये (क्रिप्टो चलन मिळवायला रात्रंदिवस) राबलेल्या ५८०पेक्षा केव्हाही चांगलं, आणि उलटही तितकंच खरं. नावावर भांडण्यापेक्षा समोर आलेला नग तपासा.

३. कागदावरचे आकडे काय सांगतात? ५८०मध्ये कोअर जवळजवळ दुप्पट आहेत, मग वेग दुप्पट का नाही?

१०६०मध्ये १२८० कोअर (हिशेब करणारे छोटे भाग), १९२ बिटची मेमरी बस (मेमरी आणि चिपमधला रस्ता), सेकंदाला १९२ जीबी बँडविड्थ आणि १२० वॅटची मर्यादा. ५८०मध्ये २३०४ कोअर, २५६ बिटची बस, सेकंदाला २५६ जीबी आणि १८५ वॅट. पण या दोन कंपन्यांचे कोअर एकमेकांशी मोजता येत नाहीत. १०६०ची चिप १७०० मेगाहर्ट्झच्या वर सहज धावते, ५८०चा अधिकृत बूस्ट १३४० मेगाहर्ट्झचा. शिवाय एनव्हीडियाची रचना तेव्हाच्या डायरेक्टएक्स ११ (गेम आणि कार्ड यांना जोडणारी विंडोजची प्रणाली) गेममध्ये कोअर जास्त कामात ठेवत असे. एएमडीचे कोअर खरे कामाला लागले ते डायरेक्टएक्स १२ आणि तशीच दुसरी प्रणाली व्हल्कन आल्यावर. म्हणून २०१६-१७ च्या चाचण्यांत १०६० बरोबरीत किंवा किंचित पुढे दिसतं, तर नंतरच्या वर्षांतल्या गेममध्ये ५८० थोडं पुढे सरकलेलं दिसतं. जुनी चाचणी वाचताना तिची तारीख आधी बघा.

४. ६ जीबी आणि ८ जीबीमध्ये खेळताना फरक जाणवतो का?

२०२० पर्यंतच्या गेममध्ये १०८०पी रिझोल्यूशनवर फारसा नाही. नंतरच्या मोठ्या गेममध्ये जाणवतो, पण सरासरी फ्रेममध्ये तो पकडता येत नाही. मेमरी भरली की खेळ अधूनमधून अडखळतो, वळणावर क्षणभर थांबतो, किंवा भिंतीवरची चित्रं धूसर राहून मग सावकाश उमटतात. ५८०वर टेक्स्चर (भिंती-वस्तूंवरची चित्रं) एक पायरी वर ठेवता येतं आणि टेक्स्चरच्या पायरीला चिपचा वेग फारसा खर्ची पडत नाही. माझ्या मते ५८०च्या बाजूने असलेला हा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे.

५. ३ जीबीचं १०६० खूप स्वस्त मिळतंय. आणि ४ जीबीचं ५८०?

३ जीबीचं १०६० घेऊ नका. नाव तेच ठेवून त्यात कोअरही कमी केले आहेत, १२८० ऐवजी ११५२. ३ जीबी मेमरी आजच्या गेमला पुरत नाही. जाहिरातीत नुसतं '१०६०' लिहिलं असेल तर पहिला प्रश्न मेमरीचाच विचारा.

४ जीबीच्या ५८०मध्ये चिप पूर्ण असते, त्यामुळे फक्त व्हॅलोरंट, सीएस २, डोटा २ खेळणाऱ्याला ते चालून जाईल. मोठे गेम खेळायचे असतील तर थोडे पैसे साठवून ८ जीबीचंच घ्या.

६. ऑनलाइन 'नवं कोरं' आरएक्स ५८० दिसतंय, ब्रँडचं नाव कधी ऐकलेलं नाही. घेऊ का?

बहुतेक वेळा ते '२०४८एसपी' असतं. २०१८ मध्ये चीनच्या बाजारासाठी एएमडीने आरएक्स ५८० २०४८एसपी नावाचं कार्ड काढलं. त्यात २३०४ऐवजी २०४८ कोअर आहेत, म्हणजे प्रत्यक्षात ते वेग वाढवलेलं आरएक्स ५७०. ५७० हे काही वाईट कार्ड नाही, पण त्याला ५८०चे पैसे मोजू नयेत. दुसरं असं की पोलारिस चिपचं नवं उत्पादन केव्हाच थांबलं आहे. आज नव्या खोक्यात येणाऱ्या अशा कार्डावरची चिप आणि मेमरी जुन्या कार्डांवरून काढून पुन्हा बसवलेली असण्याचीच शक्यता जास्त.

ओळखायचं कसं? जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा. 'शेडर्स'पुढे (म्हणजे कोअर) २३०४ हवं आणि टीएमयू (टेक्स्चर लावणारे भाग) १४४. २०४८ आणि १२८ दिसलं तर ते कापलेलं कार्ड. डिव्हाइस आयडीही बघा: खऱ्या ५८०चा ६७डीएफ, २०४८एसपीचा ६एफडीएफ. एक बारकावा लक्षात ठेवा. ६७डीएफ हा आयडी ४७०, ४८०, ५७० आणि ५८० या चौघांनाही आहे, फरक रिव्हिजनमध्ये असतो. ५८०चं रिव्हिजन ई७, ५७०चं ईएफ.

७. आज या कार्डांवर कोणते गेम नीट चालतात आणि कोणते मुळीच नाहीत?

व्हॅलोरंट, सीएस २, डोटा २, जुना जीटीए ५, रॉकेट लीग, माइनक्राफ्ट हे सगळं १०८०पीवर दोन्ही कार्डं आरामात चालवतात. एल्डन रिंग आणि रेड डेड रिडेम्पशन २ साठी सेटिंग मध्यम ठेवावी लागते. सायबरपंक २०७७ च्या निर्मात्यांनी २०२३ मध्ये किमान गरज वाढवली तेव्हा तिथे ही दोन्ही नावं लिहिली, ६ जीबीचं १०६० किंवा ८ जीबीचं ५८०. म्हणजे तो गेम सुरू होईल, पण खालच्या सेटिंगवर.

नवे गेम अडतात ते मात्र वेगामुळे कमी आणि सुविधा नसल्यामुळे जास्त. दोन्ही कार्डांत रे ट्रेसिंगचं (प्रकाशाचे किरण मोजून उजेड-सावली काढण्याचं) हार्डवेअर नाही आणि मेश शेडरही (आकार काढायची नवी पद्धत) नाहीत. इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल (डिसेंबर २०२४) आणि डूम: द डार्क एजेस (मे २०२५) यांना रे ट्रेसिंगचं हार्डवेअर लागतंच, तिथे सेटिंग कमी करून काही होत नाही. फायनल फँटसी ७ रीबर्थला याच सुविधा मागणारं डायरेक्टएक्स १२ अल्टिमेट लागतं, म्हणजे तोही बाद. एनव्हीडियाने एप्रिल २०१९ मध्ये ड्रायव्हरमधून १०६०ला रे ट्रेसिंग चालवायची परवानगी दिली होती, पण त्यावर खेळता येईल एवढ्या फ्रेम येत नाहीत. 'रे ट्रेसिंग सपोर्ट' असं सांगून कुणी १०६०चा भाव वाढवत असेल तर त्याला भुलू नका.

कमी रिझोल्यूशनवर काढलेलं चित्र मोठं करणाऱ्या सोयींपैकी एनव्हीडियाचं डीएलएसएस दोन्हींवर नाही, एएमडीचं एफएसआर २ दोन्हींवर चालतं. १०८०पीवर 'क्वालिटी' निवडलं की गेम आतून ७२०पीवर काढला जातो. चित्र थोडं मऊ होतं, पण मोठ्या गेममध्ये तेवढ्यानेच खेळ सुसह्य होतो.

८. माझ्याकडे कॅबिनेटसोबत आलेला ४५० वॅटचा एसएमपीएस आहे. चालेल का?

१०६०सुद्धा त्यावर लावताना मी दहा वेळा विचार करेन आणि ५८० लावूच नका असं सांगेन. स्वस्त एसएमपीएसवर छापलेले वॅट आणि १२ व्होल्टच्या लाइनवर खरोखर मिळणारे वॅट यांत मोठी तफावत असते. बाजूचं लेबल वाचा. १२ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि त्याला १२ने गुणा. गुणाकार २४० आला तर तुमच्याकडे कामाचे २४० वॅटच आहेत, मग वर कितीही मोठा आकडा छापलेला असो.

१०६०ला साधारणपणे एक ६ पिनची वायर लागते आणि कंपनीची शिफारस ४०० वॅटची आहे. ५८०ला ८ पिन लागते, काही मॉडेलना ८ अधिक ६, आणि नावाजलेल्या कंपनीचा ५०० वॅटचा एसएमपीएस हवा. मोलेक्स या जुन्या चार पिनच्या वायरीवरून ८ पिन करणारं कन्व्हर्टर पन्नास-शंभर रुपयांत मिळतं, ते घेऊ नका. ८ पिनमधून १५० वॅटपर्यंत वीज जाऊ शकते, आणि जुन्या मोलेक्स वायरी एवढ्या भाराने वितळल्याचे फोटो लोक मला नेमाने पाठवतात. कार्डाचा भाव ठरवताना एसएमपीएसचा खर्च त्यातच धरा. अनेकांच्या बाबतीत ५८० स्वस्त पडतंय हा हिशेब इथेच उलटतो.

९. वीजबिलात किती फरक पडेल?

खेळताना दोघांच्या वापरात साधारण ६५ ते ७० वॅटचा फरक असतो. ७० वॅट, रोज ४ तास, ३० दिवस म्हणजे महिन्याला ८.४ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर महिन्याला ८४ रुपये, वर्षाला हजाराच्या आसपास. रोज तासभरच खेळत असाल तर हा आकडा विसरून जा. पण महावितरणच्या बिलात १०० आणि ३०० युनिटला टप्पा बदलतो. तुमचं घर टप्प्याच्या काठावर असेल तर वरची युनिटं महागाच्या दराने लागतात, म्हणून हिशेब आपल्या बिलावर मांडून बघा.

उष्णतेचंही तसंच. हे ७० वॅट शेवटी खोलीतच येतात. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात बंद खोलीत खेळणाऱ्याला मी १०६० सुचवतो, किंवा ५८० घेऊन त्याचा व्होल्टेज कमी करायला सांगतो (प्रश्न १८).

१०. घरी ६०० व्हीएचा यूपीएस आहे. वीज गेली तर ५८० त्यावर टिकेल का?

६०० व्हीएचे घरगुती यूपीएस बहुतेक ३६० वॅटचे असतात. ५८० असलेला पीसी गेममध्ये मॉनिटरसकट ३०० वॅटच्या आसपास किंवा वर जातो. बॅटरी नवी असेल तर गेम बंद करून पीसी शटडाउन करण्यापुरता वेळ मिळतो. दोन वर्षं जुनी बॅटरी असेल तर वीज जाताच पीसीही बंद पडण्याची शक्यता जास्त. १०६०ला तोच यूपीएस बऱ्यापैकी सांभाळून घेतो.

११. ऑफिसमधून निघालेला रिफर्बिश्ड ब्रँडेड पीसी घेतला आहे. त्यात यातलं कार्ड बसेल का?

बहुतेक नाही. अशा पीसीत एसएमपीएस कंपनीच्या खास मापाचा आणि कमी वॅटचा असतो, ६ पिनची वायरच नसते, आणि बारक्या कॅबिनेटमध्ये पूर्ण उंचीचं कार्ड मावत नाही. अशा वेळी वेगळी वायर न लागणारं, ७५ वॅटमध्ये चालणारं जीटीएक्स १०५० टीआय किंवा १६५० शोधा. बारीक कॅबिनेट असेल तर त्यांचं लो-प्रोफाइल मॉडेल. यातलं प्रत्येक मॉडेल वायरीशिवाय चालेलच असं नाही, १६५०च्या काहींना ६ पिन असते, म्हणून फोटोत कार्डाची वरची कड बघूनच पैसे द्या.

१२. कार्ड मायनिंगला वापरलेलं आहे हे कसं ओळखायचं? आणि तसं असेल तर घ्यायचंच नाही का?

८ जीबीचं ५८० हे इथेरियम हे क्रिप्टो चलन खणणाऱ्यांचं आवडतं कार्ड होतं. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने ही खणण्याची पद्धतच बंद केली आणि हजारो कार्डं एकदम बाजारात आली. म्हणून जुनं ५८० घेताना ते मायनिंगमध्ये राबलं असावं असंच धरून चाला. १०६०ही त्यातून सुटलेलं नाही, पण प्रमाण कमी.

मायनिंगमध्ये चिप कमी व्होल्टेजवर चालवतात, त्यामुळे तिचं फारसं बिघडत नाही. झिजतात ते पंखे, सुकतात ती थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्ट्या) आणि शिजते ती मेमरी, कारण तिचाच वेग वाढवून ती रात्रंदिवस पळवलेली असते. कार्ड हातात घेतलं की बोर्डाची मागची बाजू उजेडात तिरकी धरा. व्होल्टेजच्या भागाजवळ हिरवा किंवा काळा रंग तपकिरी पडला असेल, पॅडच्या कडेने तेलकट ओघळ आले असतील, तर कार्ड खूप तापलेलं आहे. कोकणपट्टीतून आलेल्या कार्डाच्या पट्टीवर आणि पोर्टांच्या कडेला गंज बघा. स्क्रूवरचं स्टिकर फाटलेलं असणं वाईटच असतं असं नाही. विक्रेत्याने चिपवरची थर्मल पेस्ट बदलली असेल तर त्याने ते आपणहून सांगावं, एवढीच अपेक्षा.

दुसरी खूण कार्डाच्या बायोसमध्ये (कार्डातच साठवलेला, त्याचे वेग ठरवणारा प्रोग्रॅम) असते. जीपीयू-झेडमध्ये 'डिफॉल्ट क्लॉक' बघा. ८ जीबीच्या ५८०ची मेमरी २००० मेगाहर्ट्झची असते. डिफॉल्टलाच ती त्याहून वर आणि चिप ११५० किंवा १२००च्या आसपास दिसली तर बायोस बदललेला आहे. मूळ बायोस परत टाकता येतो, काही मॉडेलांवर तर दुसऱ्या बायोसचा छोटा खटकाही असतो, पण ही जबाबदारी विक्रेत्याची. त्याने मूळ बायोस टाकून दिल्यावरच घ्या.

पंखे गुळगुळीत फिरत असतील, चाचणीत (प्रश्न १३) मेमरीची एकही चूक आली नसेल आणि भाव त्या मानाने उतरवला असेल, तर मायनिंगचं कार्ड घ्यायला हरकत नाही.

१३. लॅमिंग्टन रोडवर दुकानात कार्ड बघायला चाललोय. दहा-पंधरा मिनिटांत काय तपासू?

पीसीला लावून दाखवा म्हणा. नाही म्हणाले तर पुढच्या दुकानात जा, त्या रस्त्यावर दुकानांना तोटा नाही. पेनड्राइव्हवर जीपीयू-झेड, एचडब्ल्यूइन्फो (तापमान दाखवणारं), ओसीसीटी (मेमरी तपासणारं) आणि फरमार्क (कार्डावर पूर्ण भार टाकणारं) सोबत न्या.

आधी जीपीयू-झेडमध्ये कोअर, मेमरी, बस आणि डिफॉल्ट क्लॉक (प्रश्न ६ आणि १२). मग एचडब्ल्यूइन्फो उघडं ठेवून फरमार्क दहा मिनिटं. तापमान वाढत जाऊन एका ठिकाणी स्थिर व्हायला हवं. ८५ अंशांच्या वर चढतच राहिलं तर पेस्ट गेली आहे किंवा पंखा कमजोर आहे. पंख्याला कान लावा, घरघर किंवा टकटक म्हणजे बेअरिंग गेलेलं. नंतर ओसीसीटीमधली व्हीरॅमची (कार्डाच्या मेमरीची) चाचणी, तिथे शून्य चुका हव्यात, एकही चालणार नाही. ५८०साठी एचडब्ल्यूइन्फोमध्ये 'जीपीयू मेमरी एरर्स' अशी वेगळी ओळ येते, तीही शून्यच राहायला हवी. शेवटी मॉनिटरची वायर एकेका पोर्टमध्ये लावून बघा. हे लोक विसरतात आणि घरी गेल्यावर एचडीएमआय मेलेला निघतो.

कुरिअरने मागवत असाल तर खोकं उघडतानाचा व्हिडिओ न तोडता काढा. त्यात कार्डावरचा सिरियल नंबर दिसू द्या, आणि हीच चाचणी त्याच दिवशी करा.

१४. नकली १०६० असतं का?

असतं. एनव्हीडियाच्या जुन्या फर्मी पिढीतल्या जीटीएक्स ५५० टीआय किंवा जीटीएस ४५० सारख्या कार्डावर खोटा बायोस टाकून ते नव्या नावाने विकलं जातं. विंडोजमध्ये नावही '१०६०' दिसतं, पण एनव्हीडियाचा अधिकृत ड्रायव्हर टाकला की गडबड सुरू होते. नवीन जीपीयू-झेड अशा कार्डाच्या नावाआधी 'फेक' असं स्पष्ट लिहितो. कार्डावर व्हीजीए पोर्ट दिसला तर तिथेच थांबा, कारण १०६०च्या चिपमध्ये व्हीजीएला लागणारा ॲनालॉग सिग्नल नाहीच.

१५. ड्रायव्हर अजून येतात का?

२०२३ च्या अखेरीस एएमडीने पोलारिस (५८०ची पिढी) आणि व्हेगा या जुन्या पिढ्यांचे ड्रायव्हर मुख्य मालिकेपासून वेगळे काढले. सुरक्षेच्या आणि गरजेच्या दुरुस्त्या येतात, पण नव्या गेमसाठी खास सुधारणा मिळत नाहीत. एनव्हीडियाने पास्कल पिढीचा, म्हणजे १०६०चा, गेम रेडी (नव्या गेमसाठी सुधारलेला) ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंत दिला. पुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत दर तीन महिन्यांनी फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या. म्हणजे विंडोजवर आता दोघांची स्थिती जवळपास सारखी. जुने गेम यामुळे बंद पडत नाहीत. नव्या गेममध्ये काही बिघडलं तर ते दुरुस्त होईलच असं धरू नका.

१६. लिनक्स वापरतो. तिथे कोणतं?

५८०, निःसंशय. त्याचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये आणि मेसा या ग्राफिक्सच्या भागातच आहे, वेगळं काही टाकावं लागत नाही, आणि त्याचा कोड खुला असल्याने कंपनीने लक्ष काढलं तरी इतर प्रोग्रॅमर त्याची काळजी घेतात. एनव्हीडियाच्या लिनक्स ड्रायव्हरमध्ये पास्कलसाठी ५८० ही शेवटची मालिका आहे (कार्डाच्या नावाशी तिचा संबंध नाही), पुढच्या ५९० मालिकेत १०६० नाही. सतत नवं होत राहणारं डिस्ट्रो वापरत असाल तर १०६०साठी जुना ड्रायव्हर धरून ठेवावा लागेल.

१७. माझा प्रोसेसर जुना आहे, तिसऱ्या पिढीचा आय५. कोणतं कार्ड बरं?

हे गेमवर ठरतं. डायरेक्टएक्स ११मध्ये एएमडीचा ड्रायव्हर प्रोसेसरच्या एकाच कोअरवर जास्त भार टाकतो, त्यामुळे कमजोर प्रोसेसरवर १०६० पुढे राहतं. जुलै २०२२ च्या २२.७.१ ड्रायव्हरमध्ये एएमडीने ओपनजीएल (डायरेक्टएक्ससारखीच दुसरी प्रणाली) सुधारलं आणि माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीला त्याचा मोठा फायदा झाला. त्यामुळे ५८०वर त्याआधीचा ड्रायव्हर ठेवू नका. डायरेक्टएक्स १२मध्ये चित्र उलटतं, तिथे एनव्हीडियाचा ड्रायव्हर प्रोसेसरकडून जास्त काम करून घेतो. एकूण जुन्या गेमसाठी १०६०, नव्यांसाठी ५८०.

१८. ५८० फार तापतं, आवाज करतं. उपाय?

पहिला उपाय फुकटचा आहे. एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्यूनिंगला जाऊन चिपचा व्होल्टेज कमी करा. अनेक ५८० मूळ ११५० मिलिव्होल्टच्या आसपास येतात. २५ मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी खाली या, प्रत्येक पायरीवर अर्धा तास गेम खेळा. बरेच नग १०५० ते ११०० मध्ये पूर्ण वेगाने स्थिर राहतात, तापमान आणि आवाज दोन्ही उतरतात. गेम बंद पडू लागला की एक पायरी वर. सोबत फ्रेम मर्यादा मॉनिटरच्या ६० किंवा ७५वर बांधा. तरीही तापत असेल तर पेस्ट बदला.

१९. स्ट्रीमिंग, एडिटिंग, ब्लेंडर?

इथे १०६० पुढे. त्याचा एनव्हीएन्क एन्कोडर (व्हिडिओ दाबून पाठवणारा चिपमधला भाग) कमी बिटरेटला ५८०पेक्षा स्वच्छ चित्र देतो आणि ओबीएस या स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये लगेच चालतो. ब्लेंडरने डिसेंबर २०२१ च्या ३.० आवृत्तीत ओपनसीएल (५८०ला त्यात काम करू देणारी प्रणाली) काढून टाकलं, त्यामुळे ब्लेंडरच्या सायकल्स इंजिनचं रेंडरिंग ५८०वर होतच नाही. १०६० ते एनव्हीडियाच्या कूडा प्रणालीवर करतं. अभ्यासक्रमात थ्रीडी असलेल्या मुलामुलींनी हा मुद्दा सगळ्यात वर ठेवावा.

२०. मॉनिटर जुना आहे, फक्त व्हीजीए. आणि फ्रीसिंकचं काय?

दोन्ही कार्डांत व्हीजीए नाही. अनेक मॉडेलवर डीव्हीआय दिसतो, पण तो डीव्हीआय-डी, म्हणजे फक्त डिजिटल आहे, त्यातून साध्या जोडणीने व्हीजीए निघत नाही. एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा, आत चिप असलेला कन्व्हर्टर घ्या.

फ्रीसिंक (मॉनिटरचा वेग गेमच्या फ्रेमशी जुळवणारी सोय) ५८०वर डिस्प्लेपोर्ट आणि एचडीएमआय दोन्हींतून चालतं. १०६०वर जानेवारी २०१९ पासून चालतं, पण फक्त डिस्प्लेपोर्टमधून. तुमच्या फ्रीसिंक मॉनिटरला एचडीएमआयच असेल तर हा फरक मोलाचा आहे.

२१. १०६० आहेच माझ्याकडे. विकून ५८० घेऊ? की अजून थोडे टाकून वरचं?

१०६० विकून ५८० घेण्यात काही हाती लागत नाही, ५८० विकून १०६० घेण्यातही नाही. उडी मारायची तर निदान जीटीएक्स १६६० सुपरपर्यंत, शक्य असेल तर आरएक्स ६६००पर्यंत मारा. ६६००मध्ये ८ जीबी आहे, रे ट्रेसिंगचं हार्डवेअर आणि मेश शेडर आहेत, आणि वापर १३२ वॅट, म्हणजे ५८०पेक्षा बराच कमी. प्रश्न ७ मध्ये 'बाद' म्हटलेले गेम त्यावर सुरू होतात.

पहिलंच कार्ड घेणाऱ्यांनाही हाच निकष लावा. भाव इथे लिहिला तर महिन्याभरात शिळा होईल, म्हणून प्रमाण सांगतो. ५८०च्या भावापेक्षा तिसरा हिस्सा जास्त देऊन चांगल्या अवस्थेतलं १६६० सुपर मिळत असेल तर ते घ्या. दुपटीच्या आसपास ६६०० मिळत असेल आणि नवे गेम खेळायचे असतील तर दोन महिने थांबून तेच घ्या.

२२. ५८० लावल्यापासून सिक्युअर बूट चालू केलं की स्क्रीन येतच नाही. व्हॅलोरंटला तर ते हवं आहे. कार्ड खराब आहे का?

बहुधा कार्ड चांगलं आहे, कार्डाचा बायोस बदललेला आहे. सिक्युअर बूट म्हणजे पीसी सुरू होताना फक्त सही जुळणारे प्रोग्रॅम चालू देणारी सोय. मायनिंगसाठी फेरफार केलेल्या बायोसची सही जुळत नाही, काहींत यूईएफआयचा (पीसी सुरू करायच्या नव्या पद्धतीचा) भागच काढलेला असतो. विंडोज ११वर व्हॅलोरंट सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) मागतो, तिथे हे अडतं. पीसीच्या बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करून किंवा सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) चालू करून पीसी सुरू करा आणि जीपीयू-झेडमध्ये 'यूईएफआय'पुढे खूण आहे का बघा. मग त्याच कंपनीच्या त्याच मॉडेलचा, त्याच कंपनीच्या मेमरी चिपसाठीचा मूळ बायोस टाका. चुकीच्या मेमरीचा बायोस टाकला तर कार्ड सुरू होणार नाही, म्हणून आधी जीपीयू-झेडमध्ये मेमरी सॅमसंग, हायनिक्स की मायक्रॉनची ते बघून घ्या आणि सध्याचा बायोस सेव्ह करून ठेवा. जमत नसेल तर ग्राफिक्स कार्ड दुरुस्त करणाऱ्याकडे द्या, हे काम थोड्या वेळाचं असतं.

२३. १०६०वर विंडोज सुरू झाल्यावरच चित्र येतं, त्याआधी मॉनिटर काळा. असं का?

डिस्प्लेपोर्ट १.३ किंवा १.४चा मॉनिटर असेल तर हा या पिढीतला माहीत असलेला दोष आहे. त्यासाठी एनव्हीडियाने डिस्प्लेपोर्टचं छोटं फर्मवेअर अपडेट दिलेलं आहे. ते एकदा चालवलं की झालं. तोवर पीसीच्या बायोसमध्ये जायचं असेल तर एचडीएमआय वायर लावा.

२४. दोन ५८० एकत्र लावले तर?

जोडता येतात, पण आजचे गेम दुसऱ्या कार्डाकडे बघतही नाहीत, आणि एसएमपीएसचा खर्च वाढतो तो वेगळा. १०६०ला तर एसएलआयची, म्हणजे दोन कार्डं जोडण्याची, सोयच दिलेली नव्हती. दुसऱ्या कार्डाचे पैसे प्रश्न २१ मधल्या कार्डात घाला.